चौकटीच्या बाहेरचं: जुन्या कॅमेऱ्यासाठी स्वस्त व्ह्यूफाइंडर निवडताना

(अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतला थोडा भाग शेवटी जोडला आहे.)

शेजारच्या शेडमधले माग चालू आहेत, त्यामुळे मला जरा मोठ्यानं बोलावं लागेल. मागे बसलेल्यांनी ऐकू आलं नाही तर हात वर करा.

तत्त्वज्ञान शिकवलेल्या बाईनं कॅमेऱ्याच्या एका सुट्या भागावर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. पण आपण पुस्तकाचं परीक्षण करतो, नाटकाचं करतो, मग ज्या वस्तूतून बघून आपण काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवतो, तिचं परीक्षण का करू नये? ही वस्तू म्हणजे जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या डोक्यावर, ॲक्सेसरी शू नावाच्या खाचेत बसवायचा वेगळा व्ह्यूफाइंडर. आगपेटीएवढा, कधी त्याहूनही लहान. तरुण मंडळी सध्या पुन्हा फिल्मकडे वळलीत. कुणी मुंबईच्या चोरबाजारातून झोर्की आणतं, कुणाला आजोबांच्या कपाटात फेड सापडतो. मग त्याला रुंद कोनाची लेन्स मिळते आणि प्रश्न येतो, बघायचं कशातून?

ज्यांना हा कॅमेरा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. या कॅमेऱ्याला जणू दोन डोळे असतात. एका काचेतून तुम्ही बघता, दुसरीतून फिल्म बघते. तुम्ही जे बघता ते लेन्समधून आलेलं नसतं, शेजारच्या खिडकीतून आलेलं असतं. ही आतली खिडकी बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत ५० मिमीच्या लेन्ससाठीच आखलेली आहे. झोर्की-४ घ्या. त्यात लेन्स बदलता येते, पण खिडकी बदलत नाही. ३५ मिमीची ज्युपिटर-१२ लावलीत तरी खिडकी ५० मिमीचंच जग दाखवते. फिल्म जास्त बघते आणि तुम्ही कमी बघता.

आता हे इथल्या शेडमध्ये नेऊन बघू. साठ इंची चादर विणणारा माग म्हणजे कापडच दीड मीटर रुंद, यंत्र त्याहून रुंद. दोन रांगांमधली वाट अरुंद. तुम्ही मागापासून फार तर दोन मीटर मागे जाऊ शकता, पुढे पाठीला दुसरा माग लागतो. दोन मीटरवरून ५० मिमीच्या लेन्सला १ मीटर ४४ सेंटिमीटर रुंदी दिसते. म्हणजे माग मावला नाही, विणकर दूरच राहिला. ३५ मिमीला दोन मीटरच्या किंचित वर, २८ मिमीला अडीच मीटरच्या वर. हिशोब सोपा आहे, फिल्मची रुंदी ३६ मिमी, तिला लेन्सच्या मिमीनं भागा आणि अंतरानं गुणा. तेव्हा इथे काम करायचं तर रुंद लेन्स लागतेच, आणि रुंद लेन्स आली की वरचा फाइंडर आला.

फाइंडरची स्तुती करताना लोक नेहमी एक शब्द वापरतात: लखलखीत. किती उजळ, किती स्वच्छ, किती मोठं चित्र. हे निकष मला वरवरचे वाटतात. उजळपणा महत्त्वाचा नाही असं नाही. शेडमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात मंद काच त्रासदायकच. पण फाइंडर हे काही सिनेमाचं तिकीट नाही. त्याचं काम निर्णयाला मदत करण्याचं. म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की हा फाइंडर चौकटीच्या बाहेरचं दाखवतो का?

इथे मला जैन न्यायातली एक गोष्ट वापरायची आहे. घाबरू नका, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगणार नाही. (हशा) जैन विचारात नय म्हणजे वस्तूकडे बघण्याची एक बाजू. बाराव्या शतकातल्या आचार्य हेमचंद्रांनी तीन पायऱ्या फार नेमक्या वेगळ्या केल्या आहेत. वस्तू अशीच आहे, दुसरी कशी नाहीच, असं म्हणतो तो दुर्नय. वस्तू अशी आहे एवढंच म्हणून जो थांबतो, बाकीच्या बाजू नाकारत नाही, तो नय. आणि एका अपेक्षेनं ती अशी आहे, असं जे म्हणतं ते प्रमाण. बघा, एकाच वाक्यात च लावला की बिघडलं.

आता फाइंडरकडे या. काही फाइंडरमध्ये चित्राची कड संपली की काळं. पलीकडे काही नाही. तुम्हाला वाटतं, जग इथेच संपलं. हा काचेतला दुर्नय. दुसऱ्या प्रकारात पांढरी रेष असते आणि रेषेच्या बाहेरही जग दिसत राहतं. रेष सांगते, मी एवढं घेते आहे, उरलेलं आहे, पण घेत नाही. हा नय झाला. एसएलआर कॅमेरा, ज्यात लेन्समधूनच दिसतं, तो कडा अचूक सांगतो, पण त्याच्या कडेलाही काळोखच असतो. फोनच्या पडद्याचंही तेच. कडेपलीकडे बघायला मान उचलावी लागते, आणि आपण उचलत नाही. अचूकपणाच्या बाबतीत वरचा फाइंडर या दोघांशी हरतो. तरी मी त्याची बाजू घेते, ती या बाहेरच्या जगासाठी.

याला शेडमध्ये फार ठोस अर्थ आहे. सोलापूरच्या यंत्रमागाचे मी पाहिलेले बहुतेक फोटो आठवा. मध्यभागी माग, त्याच्यावर वाकलेला विणकर, वर जकार्डची पंचकार्डं लोंबताहेत. सुंदर असतात. पण कांडी भरणारी बाई कुठे आहे? धोट्यात बाण्याचं सूत ज्या कांडीवर असतं, ती कुणीतरी भरलेली असते. टॉवेलच्या कडा शिवणारी, धागे कापणारी, गठ्ठे बांधणारी कुठे आहे? ती बहुतेक कोपऱ्यात, भिंतीशी, चौकटीच्या बोटभर बाहेर असते. फोटो काढणाऱ्यानं तिला मुद्दाम वगळलं असं मी म्हणत नाही. ज्याच्या काचेत कडेपलीकडे काळं होतं, त्याला ती असल्याचंच कळलं नाही. वगळायचंच असेल तर बघून वगळावं. पाऊलभर डावीकडे सरकलात तर ती आत येते. पण सरकायचं कारण तर दिसलं पाहिजे ना! हे साधे धोट्याचे माग आता एकेक करून भंगारात चाललेत. ज्या शेडचा फोटो आज अर्धवट निघेल, तो पुन्हा काढायला ती शेड असेलच असं नाही. आणि फिल्मच्या एका रोलात ३६ च संधी.

आता बाजारातल्या वस्तू. किमती सांगणार नाही, आजची उद्या खोटी ठरते. पण माझं साधं मत आहे, फाइंडर लेन्सपेक्षा महाग पडत असेल तर तुम्ही फोटोग्राफी सोडून संग्रह करायला लागलात. खुशाल करा, तो वेगळा छंद आहे.

लाइट्झ कंपनीच्या जुन्या लाइका फाइंडरना पाच अक्षरी सांकेतिक नावं असतात, तारेनं मागणी नोंदवता यावी म्हणून दिलेली. त्यातला व्हीआयओओएच हा एक प्रसिद्ध. त्यात एकाच चित्राला आतून पडद्यासारखी चौकट आवळत जाते; १३५ मिमीला आलात की किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं. त्याच्या आधीचा व्हीआयडीओएम तर डावं-उजवं उलटं दाखवायचा. त्यांच्या पांढऱ्या रेषेच्या फाइंडरचा प्रकार मात्र खरोखर उत्तम. ५० मिमीचा जो आहे तो जग मूळ आकारात दाखवतो, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. माझ्या निकषावर तो पहिला येईल, किमतीच्या निकषावर यादीतच येत नाही.

सर्वांत जास्त विचारला जातो तो रशियन फिरत्या तोंडाचा फाइंडर. त्सायसच्या फाइंडरवरून बेतलेला. पुढे चकतीवर पाच भिंगं: २८, ३५, ५०, ८५, १३५. चकती फिरवा, हवं ते भिंग समोर आणा. मागे अंतराप्रमाणे कलवण्याचा खटकाही असतो. स्वस्त, भक्कम, सहज मिळणारा. पाच भिंगं एका दामात म्हटल्यावर आपल्याला मोह होतोच, आपण सोलापूरकर हिशोबी माणसं. पण तुमच्याकडे लेन्सा किती? एक. मग चार भिंगांचं ओझं डोक्यावर कशाला वागवायचं? शिवाय हलकासा धक्का लागून चकती सरकली तर तुम्ही ३५ समजून २८ मध्ये बघत राहाल. कड संपली की काळं. डोळ्याजवळचं भोक बारीक, चष्मा असेल तर चारही कोपरे एकदम दिसत नाहीत, आणि धातूची कड चष्म्याच्या काचेवर ओरखडे पाडते. त्यात आपल्या शेडमध्ये हवेत तूस उडत असतं, ते चकतीच्या फटीत जाऊन बसतं. ज्याच्याकडे खरोखर तीन लेन्सा आहेत आणि जो सावकाश, तिपाईवर काम करतो, त्याच्यासाठी ही वस्तू चांगली. इथल्या वाटेत उभं राहणाऱ्यासाठी नाही.

फोग्टलेंडरचा कोन्टूर हा माझ्यासारखीला विशेष आवडणारा प्रकार. त्यात डोळा लावला तर समोरचं काहीच दिसत नाही! काळोख आणि पांढरी चौकट, बस्स. दुसरा डोळा उघडा ठेवायचा. एका डोळ्याची चौकट आणि दुसऱ्या डोळ्याचं जग मेंदू एकत्र करतो, आणि चौकट समोरच्या माणसावर तरंगायला लागते. ही चौकट जगात कुठेच नाही. वर्गात मी अनुभवाची घटना दोन टोकांकडून कशी होते ते समजावत असे, तेव्हा ही डबी हाताशी असती तर बरं झालं असतं. पण दोन अडचणी. ज्यांच्या दोन डोळ्यांचं नीट जुळत नाही त्यांना चौकट भटकताना दिसते. आणि सहज सापडतो तो ५० मिमीचा, म्हणजे आपल्या शेडच्या प्रश्नाला त्याचं उत्तर नाही. रस्त्यावर, जत्रेत, मोकळ्या जागी जरूर वापरा.

मग उरतं काय? १९९९ पासून जपानची कोसिना कंपनी फोग्टलेंडर या नावानं रुंद लेन्सा आणि त्यांचे फाइंडर काढत आली आहे. त्या वर्षी आलेल्या त्यांच्या बेसा-एल कॅमेऱ्याला तर आतला फाइंडर नव्हताच, वरच लावायचा. त्यांचे पांढऱ्या रेषेचे फाइंडर चांगले, जुने मिळाले तर परवडतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, खाच सगळीकडे जवळपास सारखी असते. त्यामुळे डिजिटल कॅमेऱ्यासाठी बनलेला फाइंडरही चालतो. रिको कंपनीनं आपल्या छोट्या जीआर कॅमेऱ्यांसाठी २८ मिमीच्या कोनाचा फाइंडर काढला होता, तो झोर्कीवर बसतो. घेताना कोन जुळतो का बघा आणि चौकटीचं प्रमाण बघा. फिल्मचं प्रमाण ३:२, बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांचं ४:३. आपल्याकडे घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक-३ चा फाइंडर काढून लावता येईल का, असं कुणी विचारेल. त्याची चौकट चौरस, कारण तो ६ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो काढायचा. तेव्हा त्याला त्याच्या जागी सुखात राहू द्या. वापरून फेकायच्या कॅमेऱ्यातला प्लॅस्टिकचा फाइंडर काही मंडळी काढून लावतात. चालतो, कोनही रुंद असतो. फक्त फ्लॅश असलेला कॅमेरा उघडू नका. बॅटरी काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

आणि आता माझी खरी शिफारस. पुठ्ठा. हसू नका. पुठ्ठ्यात ७२ बाय ४८ मिमीचं भोक कापा. हे फिल्मच्या चौकटीच्या बरोबर दुप्पट. ते डोळ्यापासून ७० मिमीवर धरा, म्हणजे ३५ मिमीच्याही दुप्पट. आतून जे दिसतं तोच ३५ मिमीच्या लेन्सचा कोन. २८ साठी अंतर ५६ मिमी. अंतर बुबुळापासून मोजायचं, चष्म्यापासून नाही. खाचेत बसेल अशी पत्र्याची पट्टी वाकवा, पुढे चौकट, मागे डोळा कुठे ठेवायचा ते दाखवणारं छोटं भोक. झालं. काच नाही, बुरशी नाही, तूस बसलं तर फुंकर मारा. इतक्या जवळची कड डोळ्याला धूसर दिसते, हा त्याचा खरा दोष, आणि तो मी लपवत नाही. पण पुठ्ठ्याची कड अरुंद ठेवली तर बाहेरचं जगही दिसत राहतं. आणि हे गरिबाचं सोंग आहे असं समजू नका. होमाई व्यारावाला यांनी वापरलेल्या कॅमेऱ्यांत स्पीड ग्राफिक होता, आणि त्या कॅमेऱ्याला अशीच उघडी तारेची चौकट असते. वर्तमानपत्रांची फोटोग्राफी कित्येक वर्षं त्या तारेवर चालली.

फाइंडर कुठलाही घ्या, तो लेन्सच्या वर बसणार. समजा काच लेन्सपेक्षा ७ सेंटिमीटर वर आहे आणि दोघांची नजर समांतर आहे. मग लेन्स सगळं ७ सेंटिमीटर खालचं बघते. तुम्ही डोक्याला टेकवून चौकट धरलीत तर डोकं कापलं जाणार. यासाठी लोक कोष्टकं करतात, पण समांतर असल्यामुळे हा फरक कुठल्याही अंतरावर ७ सेंटिमीटरच राहतो. ७ सेंटिमीटर म्हणजे समोरच्या माणसाची चार बोटं. त्याच्या डोक्यावर त्याचीच चार बोटं जागा सोडा. एक मीटरवर ३५ मिमीच्या चौकटीच्या उंचीचा हा दहावा भाग होतो, तीन मीटरवर तिसावा, नियम तोच. तुमचा फाइंडर किती वर बसतो ते पट्टीनं मोजून घ्या, म्हणजे बोटं चार की तीन ते ठरेल.

विकत घेतलेला फाइंडर खरं बोलतो का, हे तपासायला फिल्म घालवू नका. झोर्की-४ ची पाठ निघते. पाठ काढा, फिल्म जिथून सरकते त्या कडांवर बटर पेपर ताणून चिकटवा, पडद्याला धक्का लावू नका. कॅमेरा तिपाईवर, शटर बी वर उघडं धरा. कागदावर उलटं चित्र दिसेल. समोरच्या भिंतीवर चित्राच्या चारही कडा खडूनं आखून घ्या. मग फाइंडरमधून बघा, त्याची रेष खडूच्या किती आत आहे. बहुतेक फाइंडर फिल्मपेक्षा थोडं कमीच दाखवतात, म्हणजे सावध बाजूला चुकतात. ते चालेल. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल, तर तो वाकडा बसतोय. खाचेत कागदाची घडी घालून बघा, नाहीतर परत द्या.

एक गैरसोय मात्र कुठलाच फाइंडर मिटवत नाही. अंतर जुळवायची खिडकी वेगळी, बघायची वेगळी. उन्हात २८ मिमीच्या लेन्सला एफ ८ वर सव्वातीन मीटरला ठेवलं की दीड-पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं, खालच्या खिडकीत बघायलाच नको. पण शेडमध्ये उजेड कमी. ज्युपिटर-१२ पूर्ण उघडी, एफ २.८ वर, दोन मीटरला लावली तर साधारण १.७५ ते २.३ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट. जेमतेम हातभर. म्हणजे आधी खाली बघा, मग वर बघा, तोपर्यंत विणकर तुटलेला धागा जोडून सरळ झालेला असतो. याला माझ्याकडे युक्ती एकच. वाट बघायची जागा आधी ठरवा. धागा कुठे जोडला जातो, कांडी कुठे बदलली जाते, ते तासभर नुसतं बघा. अंतर त्या जागेला लावा आणि मग डोळा वरच्या फाइंडरवरून हलवू नका. बाहेरचं दिसत असेल तर माणूस चौकटीत यायच्या आधीच तुम्हाला दिसतो.

प्रश्न: मॅडम, माझ्याकडे कॅनन ७ आहे आणि २८ ची लेन्स मिळते आहे. फाइंडर कुठला घेऊ?

उत्तर: हे बघ बाळा, आधी कॅमेऱ्याचं डोकं बघ. कॅनन ७ ला वर खाचच नाही. पुढे १९६५ च्या ७-एस ला ती दिली. पण तुझ्या कॅमेऱ्यात ३५ ची रेष आतच आहे. तू ३५ ची लेन्स घे, फाइंडरचे पैसे वाचव.

प्रश्न: पुठ्ठ्याची चौकट घेऊन शेडमध्ये गेलो तर लोक हसतील.

उत्तर: हसू देत. हसताना माणसं कॅमेऱ्याकडे बघायचं विसरतात. कारखानदारांची आणि ज्यांचा फोटो काढणार त्यांची परवानगी मात्र आधी घ्या, कांडी भरणाऱ्या बाईंचीही. आणि चालत्या मागाजवळ कॅमेऱ्याचा पट्टा लोंबता ठेवू नका, मनगटाला दोन वेढे द्या.

प्रश्न: तुम्ही स्वतः सध्या कुठला वापरता?

उत्तर: ३५ चा, पांढऱ्या रेषेचा, जुना. डोळ्याकडच्या कडेला सायकलच्या ट्यूबची गोल चकती चिकटवली आहे, चष्म्यासाठी. ती दर पावसाळ्यात निघते, मग पुन्हा चिकटवते. पुढचा प्रश्न?